जागतिक रोइंग अजिंक्यपद स्पर्धा : नाशिककर खेळाडू आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळ या खेळाडूने २०१६ साली ऑलिम्पिकमध्ये वल्ही मारली, तेव्हापासून गोदाकाठी या खेळाची चौकशी करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा कशी असते, मुलीला या खेळात घालावे का, गंगापूर धरणावर अशी स्पर्धा होऊ शकेल का, असे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. वर्तमानपत्रांत या खेळाला नौकानयन म्हणतात आणि सरावाच्या काठावर सगळे रोइंग म्हणतात. येथे दोन्ही शब्द आले आहेत.

रोइंग म्हणजे नेमके काय? कयाकिंग आणि रोइंग एकच का?

नाही. कयाक किंवा कनू चालवणारा खेळाडू पुढे तोंड करून वल्हवतो आणि त्याचे वल्हे होडीला कुठेही जोडलेले नसते. रोइंगमध्ये खेळाडूची पाठ अंतिम रेषेकडे असते, वल्हे होडीच्या बाहेर काढलेल्या रिगर नावाच्या आधारात अडकवलेले असते, पाय होडीतच बसवलेल्या बुटांत बांधलेले असतात आणि बसायची सीट रुळांवर पुढे-मागे सरकते. या सरकत्या सीटमुळे सगळा खेळ बदलतो. काठावरून पाहणाऱ्याला हा हातांचा आणि खांद्यांचा खेळ वाटतो, पण जोराचा मोठा वाटा मांड्यांमधून येतो, त्यानंतर पाठ आणि अगदी शेवटी हात कामाला लागतात. नव्याने आलेल्या मुलांचे हात आधी दुखतात, कारण पायांवर विश्वास बसायला वेळ लागतो.

एका खेळाडूच्या दोन्ही हातांत एकेक वल्हे असेल तर त्या प्रकाराला स्कलिंग म्हणतात. दोन्ही हातांनी मिळून एकच मोठे वल्हे ओढायचे असेल तर तो स्वीप. सिंगल, डबल आणि क्वाड्रपल या अनुक्रमे एक, दोन आणि चार जणांच्या स्कलिंगच्या होड्या आहेत. पेअर, फोर आणि एट या दोन, चार आणि आठ जणांच्या, स्वीपच्या.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा कोण भरवते आणि ती कधी सुरू झाली?

या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना २५ जून १८९२ रोजी इटलीतील तुरिन येथे स्थापन झाली. दीर्घकाळ ती फिसा या नावाने ओळखली जात होती. आता तिचे नाव वर्ल्ड रोइंग आहे आणि तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आहे. स्थापनेच्या पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, या संघटनेने युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. संपूर्ण जगासाठीची अजिंक्यपद स्पर्धा मात्र बरीच उशिरा, म्हणजे १९६२ साली, स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न शहराजवळच्या रोटझे या लांबट, अरुंद आणि टेकड्यांच्या आडोशाला असलेल्या तलावावर झाली. त्यानंतर १९६६ मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील ब्लेड या गावी आणि १९७० मध्ये कॅनडातील सेंट कॅथरिन्स येथे ती भरली आणि १९७४ पासून दरवर्षी होऊ लागली.

ऑलिम्पिकच्या वर्षी तिचे स्वरूप लहान असते. ऑलिम्पिकमध्ये ज्या होड्या असतात त्यांच्या शर्यती त्या वर्षी जागतिक स्पर्धेत होत नाहीत, उरलेल्या प्रकारांच्या होतात. २०२४ मध्ये सेंट कॅथरिन्सला हेच झाले. २०२३ ची स्पर्धा बेलग्रेडला आणि २०२५ ची शांघायला झाली.

स्त्रियांच्या शर्यती सुरुवातीपासून होत्या का?

नव्हत्या, आणि हा इतिहास मुलींना सरावाला पाठवणाऱ्या प्रत्येक पालकाने जाणून घ्यावा असे आम्हाला मनापासून वाटते. स्त्रियांची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा १९५४ मध्ये फ्रान्समधील माकाँ येथे झाली, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेनंतर तब्बल ६१ वर्षांनी. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रिया १९७४ साली आल्या आणि ऑलिम्पिकमध्ये १९७६ साली, माँट्रियलला. तरीही त्यांच्यासाठी अंतर १००० मीटरच होते, कारण २००० मीटर स्त्रियांना झेपणार नाही अशी धारणा होती. १९८५ पासून जागतिक स्पर्धेत आणि १९८८ पासून, सोल येथे, ऑलिम्पिकमध्ये स्त्रियाही पूर्ण २००० मीटर वल्हवू लागल्या.

ती धारणा किती पोकळ होती हे रुमानियाच्या एलिसाबेता लिपा यांच्या कारकिर्दीत दिसते. त्यांनी १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला १००० मीटरच्या डबल स्कलमध्ये सुवर्णपदक मिळवले, १९९२ मध्ये बार्सिलोनाला २००० मीटरच्या सिंगल स्कलमध्ये मिळवले आणि त्यानंतर १९९६, २००० आणि २००४ अशा सलग तीन ऑलिम्पिकमध्ये एटमधून मिळवले. अंतर दुप्पट झाले, होडी बदलली, वीस वर्षे गेली, तरी त्या जिंकत राहिल्या.

टोकियो ऑलिम्पिकपासून पुरुष आणि स्त्रिया यांच्या शर्यतींची संख्या समान, म्हणजे सात-सात झाली. त्यासाठी पुरुषांची हलक्या वजनाची फोर वगळून स्त्रियांची फोर घेण्यात आली. कॉक्सच्या, म्हणजे होडीत बसून तिला दिशा देणाऱ्याच्या, बाबतीतही २०१७ पासून स्त्री-पुरुष ही अट राहिलेली नाही. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या स्त्रियांच्या एटचा कॉक्स सॅम बॉसवर्थ हा पुरुष होता आणि त्या संघाने जागतिक चषकाच्या फेरीत विजय मिळवला. २०२५ मध्ये शांघायला तर एकाच होडीत स्त्री-पुरुष मिळून वल्हवण्याच्या मिश्र डबल आणि मिश्र एट या शर्यतीही जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्रथमच झाल्या.

होड्या किती मोठ्या असतात? त्यांच्या वजनाला मर्यादा असते का?

असते, आणि ती खालची मर्यादा असते. सिंगल स्कल किमान १४ किलोची, डबल आणि पेअर किमान २७ किलोची, क्वाड्रपल ५२ किलोची, कॉक्स नसलेली फोर ५० किलोची आणि एट ९६ किलोची असावी लागते. होडी याहून हलकी भरली तर तिच्यात जास्तीचे वजन ठेवावे लागते. सिंगल स्कल साधारण आठ मीटर लांब असते आणि रुंदीला बसणाऱ्याच्या कमरेपेक्षा फारशी जास्त नसते, त्यामुळे वल्ही पाण्यावर टेकलेली नसतील तर ती स्वतःहून सरळ उभीदेखील राहत नाही.

कॉक्सचे किमान वजन ५५ किलो ठरलेले आहे. त्याहून कमी असल्यास फरकाइतके वजन सोबत बाळगावे लागते. कॉक्स होडीला दिशा देतो, शर्यतीचे डावपेच सांगतो आणि पाठ करून बसलेल्या आठ जणांच्या वतीने पुढचे सगळे पाहतो.

शर्यत २००० मीटरचीच का? आणि ती जिंकायला किती वेळ लागतो?

हे अंतर आता सर्व प्रमुख आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये रूढ आहे. होडीच्या प्रकारानुसार या अंतराला साडेपाच ते आठ मिनिटे लागतात, आणि शरीराच्या दृष्टीने हा कालावधी मोठा कठीण आहे. शंभर मीटर धावण्यासारखा सगळा जोर एका दमात संपवता येत नाही आणि मॅरेथॉनसारखा तो जपूनही ठेवता येत नाही. सुरुवातीला होडी जागची हलवण्यासाठी मिनिटाला चाळीसहून अधिक स्ट्रोक मारले जातात. मग लय चौतीस ते अडतीसच्या दरम्यान स्थिरावते. तिसरे पाचशे मीटर, म्हणजे १००० पासून १५०० पर्यंतचा पट्टा, खेळाडूंच्या मते सर्वांत वाईट असतो, कारण सुरुवातीचा जोश ओसरलेला असतो, अंतिम रेषा अजून दूर असते आणि पाय जड झालेले असतात. आमच्या मते शर्यतीचा खरा निकाल बहुधा याच पट्ट्यात लागतो, जरी टाळ्या शेवटच्या दोनशे मीटरला पडतात.

मार्ग कसा असतो? गंगापूर धरणावर अशी स्पर्धा घेता येईल का?

आंतरराष्ट्रीय मार्ग सरळ असतो. त्यात किमान सहा लेन असतात, प्रत्येक लेन १३.५ मीटर रुंद असते आणि लेनच्या दोन्ही बाजूंना तारेवर ओवलेल्या तरंगत्या खुणांच्या रांगा असतात. सर्व लेनमध्ये पाण्याची खोली आणि वाऱ्याचा मारा सारखा असावा लागतो, कारण उथळ पाण्यात होडी मंदावते आणि एका काठाला झाडी किंवा टेकडी असेल तर त्या बाजूच्या खेळाडूला वाऱ्यापासून आयता आडोसा मिळतो. सुरुवातीच्या जागी होड्यांची मागची टोके धरून ठेवण्यासाठी तरंगते धक्के लागतात आणि प्रत्येक ५०० मीटरवर वेळ नोंदवण्याची व्यवस्था लागते.

धरणाच्या जलाशयावर जागतिक स्पर्धा होऊच शकत नाही, असा समज मात्र चुकीचा आहे. न्यूझीलंडमधील कारापिरो हा वायकाटो नदीवरील जलविद्युत धरणाचा जलाशय आहे आणि तेथे १९७८ व २०१० अशा दोन जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झालेल्या आहेत. गंगापूर धरणाची अडचण वेगळी आहे. तो नाशिक शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य साठा आहे. उन्हाळ्यात त्याची पातळी खूप खाली जाते, पावसाळ्यात विसर्ग सुरू झाला की पाण्याला ओढ येते आणि काठ दर महिन्याला जागा बदलतो. अशा पाण्यावर कायमचा मार्ग आखणे अवघड आहे. हिवाळ्याच्या महिन्यांत, धरण भरलेले आणि वारा शांत असताना, राज्य पातळीवरच्या शर्यतींचा विचार मात्र व्हायला हवा असे आमचे ठाम मत आहे. जलसंपदा विभागाची परवानगी आणि मोटारबोटींच्या तेल-धुरापासून पाण्याचे संरक्षण या दोन अटी त्यात गृहीत धराव्या लागतील.

शर्यत सुरू कशी होते आणि निकाल कसा लागतो?

पंच संघांची नावे पुकारतात, ‘अटेन्शन’ म्हणतात, लाल दिवा लागतो आणि काही क्षणांनी हिरव्या दिव्याबरोबर भोंगा वाजतो. हा मधला अवधी प्रत्येक वेळी थोडा वेगळा ठेवला जातो, म्हणजे कोणी अंदाजाने निघू नये. आधीच निघाल्यास ताकीद मिळते आणि त्याच संघाने पुन्हा तसे केल्यास तो बाद होतो. पंच मोटारबोटीतून शर्यतीच्या मागोमाग येतात. शेवटी निर्दोष शर्यतीला पांढरा निशाण आणि तक्रार किंवा गडबड असल्यास लाल निशाण दाखवतात.

होडीच्या पुढच्या टोकाला एक छोटा पांढरा चेंडू बसवलेला असतो. टक्कर झाली तर टोक कोणाला भोसकू नये म्हणून तो सक्तीचा आहे, आणि अंतिम रेषेला कोणाचा चेंडू आधी पोहोचला यावरून छायाचित्राच्या आधारे निकाल ठरतो. सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदके बदलल्याची उदाहरणे या खेळात आहेत.

पहिल्या फेरीत हरलेला संघ लगेच बाहेर जातो का?

बहुतेक वेळा नाही. या खेळाची जुनी परंपरा अशी की पहिल्या फेरीत मागे पडलेल्यांना रेपेचाज नावाची आणखी एक संधी मिळत असे. पॅरिस ऑलिम्पिकमध्येही ही फेरी होती. वारा, लेन आणि प्रतिस्पर्धी यांचा जोड प्रत्येक हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीतल्या शर्यतीत, वेगळा असतो, त्यामुळे एका शर्यतीवरून कोणाला घरी पाठवू नये, असा त्यामागचा विचार आहे. पुढे जाण्याचे नेमके निकष दर स्पर्धेला प्रवेशसंख्येनुसार बदलतात.

त्यानंतर उपांत्य फेऱ्या आणि मग अंतिम फेऱ्या. अंतिम फेरी एकच नसते. अ अंतिम फेरी पहिल्या सहा क्रमांकांसाठी, ब अंतिम फेरी सातव्या ते बाराव्या क्रमांकासाठी, क त्यापुढच्या सहांसाठी, अशी उतरंड असते. म्हणून एखादा खेळाडू आपली शेवटची शर्यत जिंकूनही तेरावा येऊ शकतो. नाशिककरांनी हे २०१६ मध्ये दत्तू भोकनळ यांच्या बाबतीत पाहिलेले आहे.

यात ‘विश्वविक्रम’ हा शब्द का वापरत नाहीत?

कारण दोन ठिकाणचे पाणी आणि दोन दिवसांचा वारा कधीच सारखा नसतो. त्यामुळे संघटना ‘जगातील सर्वोत्तम वेळ’ असे म्हणते. न्यूझीलंडच्या हॅमिश बाँड आणि एरिक मरे यांनी २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या पेअर प्रकारात ६ मिनिटे ८.५० सेकंद ही वेळ दिली, आणि जर्मनीच्या पुरुषांच्या एटने २०१७ मध्ये पोलंडमधील पोझनान येथे ५ मिनिटे १८.६८ सेकंद दिली. दोन्ही थक्क करणाऱ्या आहेत, पण पाठीमागून वारा असलेल्या दिवशीची वेळ समोरून वारा असलेल्या दिवसाशी ताडून पाहणे चूक ठरते.

याचे घरचेच उदाहरण द्यायचे तर, रिओ ऑलिम्पिकमध्ये दत्तू भोकनळ यांनी पहिल्या दिवशी हीटमध्ये ७ मिनिटे २१.६७ सेकंद घेतले आणि शेवटच्या शर्यतीत ६ मिनिटे ५४.९६ सेकंद. एका आठवड्यात कोणाची ताकद सत्तावीस सेकंदांनी वाढत नाही. रोद्रिगो दे फ्रेतास सरोवरावर तेव्हा वारा इतका होता की त्याच स्पर्धेचा एक पूर्ण दिवस पुढे ढकलावा लागला होता.

हलक्या वजनाचा गट म्हणजे काय? भारतीय खेळाडूंना त्याचा फायदा होतो का?

या गटात पुरुष खेळाडूचे वजन ७२.५ किलोपेक्षा अधिक नसावे आणि संघाची सरासरी ७० किलोपेक्षा अधिक नसावी लागते. स्त्रियांसाठी हेच आकडे ५९ आणि ५७ किलो आहेत. उंचपुऱ्या, नव्वद-पंच्याण्णव किलोंच्या युरोपीय खेळाडूंसमोर आशियाई खेळाडूंना संधी मिळावी, खेळ अधिक देशांत पसरावा, या हेतूने हा गट १९९६ मध्ये ऑलिम्पिकमध्ये आला. भारताची ऑलिम्पिकमधली आजवरची सर्वोत्तम कामगिरी याच गटातली आहे : टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांनी हलक्या वजनाच्या डबल स्कलमध्ये अकरावा क्रमांक मिळवला.

दुर्दैवाने पॅरिस २०२४ नंतर हा गट ऑलिम्पिकमधून गेला. आमच्या दृष्टीने हे आपल्याकडच्या मुलामुलींचे मोठे नुकसान आहे. आता सरावाला येणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या खेळाडूला खुल्या वजनगटाचाच विचार करून तयारी करावी लागेल, म्हणजे ताकदीचा व्यायाम आणि आहार यांच्याकडे पूर्वीपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागेल.

२०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये काय बदलणार आहे?

दोन गोष्टी. लॉस एंजेलिसजवळच्या लाँग बीच येथील पाण्याची लांबी मर्यादित असल्याने शर्यती १५०० मीटरच्या होतील, आणि समुद्रकिनाऱ्यावरची बीच स्प्रिंट हा प्रकार प्रथमच येईल. बीच स्प्रिंटमध्ये खेळाडू वाळूवरून धावत होडीत चढतो, लाटांमधून खुणांना वळसा घालून परत येतो आणि पुन्हा वाळूवर धावत शर्यत संपवतो. कोकणचा किनारा लाभलेल्या महाराष्ट्राने याकडे गांभीर्याने पाहावे.

दिव्यांग खेळाडूंसाठी शर्यती आहेत का?

आहेत. पॅरा रोइंगचा समावेश जागतिक स्पर्धेत २००२ पासून आणि पॅरालिम्पिकमध्ये २००८ पासून आहे. आधी अंतर १००० मीटर होते, २०१७ पासून तेही २००० मीटर झाले. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताच्या अनिता आणि नारायण कोंगनपल्ले यांनी मिश्र डबल स्कलच्या ब अंतिम फेरीत उतरून एकूण आठवा क्रमांक मिळवला.

भारताने आजवर काय मिळवले आहे?

भारतीय रोइंग महासंघाची स्थापना १९७६ ची आहे. मोठे यश आशियाई क्रीडा स्पर्धेतले आहे. २०१० मध्ये ग्वांगझू येथे बजरंगलाल ताखर यांनी सिंगल स्कलमध्ये भारताला या खेळातले पहिले आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच स्पर्धेत प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रभा मिंझ यांनी स्त्रियांच्या पेअरमध्ये कांस्यपदक मिळवले. २०१८ मध्ये पुरुषांच्या क्वाड्रपल संघाने सुवर्ण जिंकले, आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझू स्पर्धेत रोइंगपटूंनी दोन रौप्य व तीन कांस्य अशी पाच पदके आणली. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बलराज पंवार सिंगल स्कलमध्ये २३ वे आले. जागतिक पातळी अजून दूर आहे आणि ते मान्य करूनच सराव करायला हवा.

दत्तू भोकनळ नाशिकचे ना? ते या खेळात कसे आले?

होय. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. चांदवड हा अवर्षणप्रवण भाग. तेथे जानेवारी संपता संपता विहिरी तळ गाठतात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. वडिलांच्या निधनानंतर घरची जबाबदारी मोठा मुलगा म्हणून त्यांच्यावर आली. मिळेल ती अंगमेहनतीची कामे त्यांनी केली, पेट्रोल पंपावरही काम केले आणि २०१२ मध्ये ते लष्करात भरती झाले. वल्हे त्यांच्या हाती आले ते पुण्यात, लष्करात आल्यावर. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथील पात्रता स्पर्धेत रौप्यपदक मिळवून त्यांनी रिओचे तिकीट मिळवले. त्या ऑलिम्पिकमध्ये ते भारताचे एकमेव रोइंगपटू होते. क अंतिम फेरीत पहिले येऊन त्यांनी एकूण तेरावा क्रमांक मिळवला.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेतली त्यांची गोष्ट मात्र अनेकांना अर्धीच माहीत असते. सिंगल स्कलच्या अंतिम शर्यतीत प्रकृती साथ देत नसल्याने ते सहावे, म्हणजे शेवटचे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह क्वाड्रपलमध्ये बसून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

त्यांच्या वाटचालीतून नाशिकने घेण्यासारखी गोष्ट अशी की ज्या मुलाने लहानपणी मोठे पाणी पाहिले नव्हते, त्याला शिस्तबद्ध प्रशिक्षण, पोषक आहार आणि होडी मिळाल्यावर चार वर्षांत तो ऑलिम्पिकला पोहोचला. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा-पेठपासून येवला-नांदगावपर्यंत कष्टाची सवय असलेली मुले-मुली हजारोंनी आहेत. त्यांच्यापर्यंत हा खेळ पोहोचलेला नाही, एवढीच उणीव आहे आणि ती आपल्याला भरून काढता येण्यासारखी आहे.

नाशिकमध्ये सराव कुठे होतो? वर्षभर करता येतो का?

गंगापूर रोडवर गोदावरीच्या काठी असलेल्या केटीएचएम महाविद्यालयाचा बोट क्लब हे शहरातले परिचित ठिकाण आहे. नदीच्या वळणदार पात्रात सहा लेनचा दोन किलोमीटरचा सरळ पट्टा मिळत नाही, पण तंत्र शिकण्यासाठी आणि लांब पल्ल्याच्या संथ सरावासाठी नदी उत्तम आहे.

अडथळे दोन. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदीत उतरणे धोक्याचे असते. रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागले हे शहराला सांगावे लागत नाही, आणि त्या दिवसांत सराव जमिनीवरच करावा. दुसरा अडथळा पानवेलींचा. सांडपाण्यातून आलेल्या पोषक द्रव्यांवर पानवेली झपाट्याने वाढतात, वल्ह्याच्या पात्यात गुंततात, होडीच्या तळाखालच्या छोट्या फिनमध्ये अडकतात आणि सरावाचा पट्टा पाहता पाहता बंद होतो. पानवेली काढणे हा तात्पुरता उपाय आहे. नदीत मिसळणारे सांडपाणी थांबले, तरच खेळाडूंना वर्षातले आठ-नऊ महिने मोकळे पाणी मिळेल. कुंभमेळ्याच्या निमित्ताने गोदावरीच्या स्वच्छतेची चर्चा होते तेव्हा खेळाडूंची ही गरजही तिथे मांडली जावी.

कोणत्या वयात सुरुवात करावी? उंची नसेल तर?

बारा-तेराव्या वर्षी सुरुवात केलेली चांगली, पण अठरा-विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरू करूनही पुढे गेलेले खेळाडू आहेत, आणि त्यांतले एक वर आलेच आहेत. जागतिक कनिष्ठ स्पर्धेत ज्या वर्षी वयाची अठरा वर्षे पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरपर्यंत खेळता येते; त्यानंतर २३ वर्षांखालील गट आणि मग खुला गट. सत्तावीस वर्षांवरील लोकांसाठी मास्टर्स स्पर्धाही होतात.

उंच आणि लांब हातापायांच्या खेळाडूचा स्ट्रोक लांब पडतो, हे खरे. जागतिक पातळीवरचे अनेक पुरुष खेळाडू १९० सेंटिमीटरच्या आसपास असतात. उंची कमी असलेल्या मुलांसाठी कॉक्सची जागा आहे, आणि ती दुय्यम समजू नये.

पोहता येणे आवश्यक आहे का? अपघात होतात का?

पोहता येणे आवश्यकच आहे; त्यात तडजोड करू नये. कपड्यांसह किमान पन्नास मीटर पोहता आल्याशिवाय कोणत्याही मुलाला होडीत बसवू नये, असा आमचा आग्रह आहे. बुटांच्या टाचा दोरीने बांधलेल्या असतात, त्या अशा की होडी उलटल्यावर पाय एका झटक्यात बाहेर यावेत. ही दोरी सराव सुरू करण्यापूर्वी रोज तपासावी. होडी उलटली तर ती तरंगत राहते, म्हणून तिला सोडून काठाकडे पोहत जाऊ नये, तिलाच धरून राहावे.

मे २०२२ मध्ये कोलकात्याच्या रवींद्र सरोवरात सराव सुरू असताना वादळ आले, होडी उलटली आणि दोन शाळकरी मुलांचा मृत्यू झाला. सोबत मोटारबोट असणे किती गरजेचे आहे, हे त्या घटनेने सगळ्या देशाला दाखवले. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर सराव ठेवू नये आणि सोबत सुरक्षा बोट नसेल तर पालकांनी संकोच न करता प्रशिक्षकांना त्याबद्दल विचारावे.

पाण्यावर जाता येत नाही तेव्हा काय करायचे?

एर्गोमीटर, म्हणजे बोलीभाषेत एर्ग. सरकती सीट, साखळीला जोडलेली मूठ आणि पंख्याचा रोध असे हे यंत्र २००० मीटरची वेळ अचूक दाखवते. निवड चाचण्यांमध्ये ही वेळ मागितली जाते. एर्गवर वेगवान असलेला खेळाडू पाण्यावर तसाच असेल याची खात्री नसते, कारण एर्ग कधी डोलत नाही.

खर्च किती येतो?

स्वतःची होडी घेण्याची गरज नसते. कार्बन फायबरची नवी सिंगल स्कलसुद्धा लाखांच्या घरात जाते, त्यामुळे जगभर खेळाडू क्लबच्या किंवा संस्थेच्या होड्यांवरच शिकतात. पालकांच्या वाट्याला येतो तो आहाराचा, प्रवासाचा आणि क्लबच्या शुल्काचा खर्च.

या खेळातून नोकरीची शक्यता आहे का?

आहे. भारतीय रोइंगचा कणा लष्कर आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमधील (सीएमई) आर्मी रोइंग नोड या प्रशिक्षण केंद्रात देशातले अनेक आघाडीचे खेळाडू घडले. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्र कोणत्या स्पर्धेचे ग्राह्य धरले जाते हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून आधीच समजून घ्यावे, पदक मिळाल्यानंतर नव्हे.

जागतिक स्पर्धा पडद्यावर पाहताना कशाकडे लक्ष द्यावे?

कोण पुढे आहे हे तर दिसतेच. त्याऐवजी पाती पाण्यात शिरतात तो क्षण पाहावा, ज्याला कॅच म्हणतात. चांगल्या संघात सगळी पाती एकाच वेळी, फवारा न उडवता पाण्यात जातात आणि बाहेर आल्यावर होडी मागे न डगमगता सरळ धावत राहते. मग सीट पुढे सरकतानाचा वेग पाहावा. दमलेला संघ पुढे येण्याची घाई करतो आणि त्या घाईने होडीचा वेग खातो. पडद्याच्या कोपऱ्यात दर ५०० मीटरची वेळ येते, ती लिहून ठेवावी. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यातला फरक ज्या संघाचा सर्वांत कमी, तो संघ पहिल्या हजार मीटरला चौथा असला तरी त्याच्यावरची नजर काढू नये.